दामूला सगळं कळतं

किन्हवलीजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या लहानीची नवऱ्याविषयी एकच तक्रार होती, आणि तीही ती हसत सांगायची. ह्या माणसाला बाईच्या मनातलं कळत नाय. दामूला चार गावांतली माणसं बैल पारखायला न्यायची. नुसत्या कानांच्या हालचालीवरून जनावराचं बिनसलंय हे तो सांगायचा. पण लहानी गप्प झाली की म्हणायचा, "बायांचं आमाला काय समजतं?"

गेल्या दिवाळीपासून तिला शिवणक्लासला जायचं होतं. ते त्यानं आपणहून ओळखावं, असा तिचा हट्ट. नावं द्यायची शेवटची तारीख सोमवारची होती, आणि तिचं तोंड काही उघडत नव्हतं.

शनिवारी बचत गटानं शाळेच्या पटांगणात जोडप्यांचा खेळ ठेवला. बायकोनं उत्तर गट चालवणाऱ्या संजीवनीताईंच्या कानात सांगायचं, नवऱ्यानं तिच्याकडे बघून ओळखायचं. पहिली फेरी हौसेची. सगळे बाप्ये मजेत चुकले. लहानीची आवडती भाजी म्हणून दामूनं भेंडी सांगितली, जी ती बिचारी सतरा वर्षं त्याच्यासाठी गिळत होती. मग ताईंनी जाहीर केलं, यापुढे बरोबर उत्तराला पाचशे रुपये.

बाप्ये एकदम सावरून बसले. हिला राग कशाचा येतो? जेवताना मोबाइल बघितल्याचा, दामू म्हणाला. बरोबर. हिची नावडती भाजी? भेंडी. तेही बरोबर! शेवटी ताईंनी विचारलं, आत्ता हिला काय पाहिजे?

लहानी ताईंच्या कानाशी कुजबुजली. दामूनं तिच्याकडे नीट बघितलं.

"शिवणक्लास. पण मागायची नाय ती. दिवाळीपासून मी इचारायची वाट बघते."

टाळ्या पडल्या. लहानीला हसावं की त्याला धोपटावं ते समजेना. म्हणजे मेल्याला सगळं कळत होतं, नुसता कळून घ्यायचा कंटाळा होता. तरी तिचा जीव सुपाएवढा झाला. सोमवारी दोघांनी मिळून नाव द्यायला जायचं, हे वाटेतच ठरलं.

घरी आल्यावर ती चुलीकडे न जाता ओटीवर पाय पसरून बसली. एक शब्द बोलली नाही. कळत नाही म्हणायची सोय दामूला आता उरली नव्हती.

"भाकऱ्या मी करायच्या, नाय का गो?"

"बरोबर. आन् ह्याचे पैसे?"

"आता कसले मागतो," म्हणत दामू पिठाचा डबा शोधायला आत गेला.