लक्ष्मीच्या बाळाचा साचा

खोटी वस्तू दिसली की माझं डोकं फिरतं. धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे लोक येता-जाता काहीबाही आणून हातावर ठेवतात. "मॅडम, तेरचं आहे, बघा बरं." तेर आमच्याच तेरणेकाठचं प्राचीन गाव, जुन्या मातीच्या मूर्तींसाठी नावाजलेलं, आणि त्याच्या नावावर लोक काय काय खपवतात! मध्यंतरी एकानं काल-परवा भाजलेली बाहुली गोमूत्रात मुरवून, वर चुलीची काजळी फासून आणली. मी त्याला असं काही झापलं की शिपाई दारात येऊन उभा राहिला. घरचे म्हणतात, तू माणसांकडंही असंच बघतेस. बघते. त्याशिवाय मला चैन पडत नाही.

अस्सल म्हणावी अशी एक वस्तू मात्र माझ्या माहेरीच होती, माकणीला. भाजल्या मातीचा, तळहाताएवढा साचा. आमच्या शेताच्या एका कोपऱ्यात पांढरी आहे, म्हणजे कधीकाळच्या वस्तीची माती. तिथं पणजोबांच्या नांगराला तो लागला होता. त्यात एक गुबगुबीत मूल उलटं उमटलेलं होतं, कुरळ्या केसांचं, कानांत जड कुंडलं घातलेलं. शेकडो वर्षांपूर्वी ते कुणाचं कोण होतं, देव जाणे. आमच्या घरानं त्याला लक्ष्मीचं बाळ करून टाकलं. भादव्यात लक्ष्म्या, म्हणजे गौरी, उभ्या केल्या की आई साच्याला तेल लावायची, मळलेली माती अंगठ्यानं आत दाबायची आणि निघालेलं बाळ लक्ष्म्यांच्या पुढ्यात बसवायची. सण उरकला की बाळ तेरणेत, आणि साचा धुऊन-पुसून परत फडताळात.

गेल्या उन्हाळ्यात जीपमधून एक माणूस आला आणि चार दिवसांसाठी साचा द्या म्हणाला. आई देणारच होती. साचा मागितला तर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळ्या गल्लीतली बाळं त्यातूनच निघालेली. नशीब की तिनं आधी मला फोन केला. त्या माणसानं त्यातून ढिगानं बाळं काढली असती, मुरवली असती आणि दोन हजार वर्षांची म्हणून विकली असती. साचा खरा, बाळं खोटी. मग ओळखणार कोण आणि कशावरून? मी मिळेल ती जीप पकडून माकणी गाठली आणि आईच्या मागंच लागले, की साचा संग्रहालयात देऊन टाकू.

"दे की," आई म्हणाली. "पर मग बाळ कशातून काढू?"

यावर मी तोडगा काढला, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटला. लोहाऱ्याच्या एका कुंभाराकडून साच्याची हुबेहूब नक्कल करून घेतली. माती भाजताना आकसते, त्यामुळे नक्कल अंगानं किंचित लहान झाली होती, बाकी फरक सापडत नव्हता. दोन्ही साचे आईपुढं ठेवले. खरा संग्रहालयाला, नवा तुला, असं बजावून सांगितलं. तिनं दोघांना सारखंच तेल चोळलं, सारखंच हळद-कुंकू लावलं, सारखाच धूप दिला. निघताना माझी ओटी भरली आणि खणात बांधलेला साचा ओटीतच घातला. "वाटंत सोडू नगंस," म्हणाली. माहेरची ओटी वाटेत सोडत नाहीत, म्हणून मीही सोडली नाही. संग्रहालयात गाठ सुटली ती सगळ्यांसमोर. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, मी भाषण केलं. भाषण नकली वस्तूंवर होतं.

यंदा कॉलेजच्या पोरांना घेऊन संग्रहालयात गेले आणि काचेसमोर बोलता बोलता अडखळले. साचा मला बारीक वाटला. मनाची समजूत घातली की काचेमुळं असेल. पण घास गोड लागेना. तासाला शिकवताना फळ्यावर भलतंच लिहू लागले. शेवटी पुन्हा गेले, तिथल्या साहेबांना विनंती करून काच उघडायला लावली आणि नक्कल करून घेताना वहीत टिपलेल्या खऱ्याच्या मापांशी ताडून पाहिलं. काचेत नक्कल होती.

तशीच माकणीला गेले. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी बसलेसुद्धा नाही.

"आई, मला कोणता साचा दिलास?"

"नवा."

"मी जुना द्यायला सांगितला होता ना!"

"सांगितला व्हतास. पर दुसऱ्याच्या घरी जायाची वस्तू, वापरलेली कशी देऊ? लोक काय म्हंतील? द्यायचं तर नवं द्यावं." आणि वर माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकवलं ते वायाच गेलं.

हसावं की रडावं कळेना. ठीक आहे म्हटलं, अजून काही बिघडलेलं नाही. "मग तो जुना दे. बदलून आणते."

आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "त्यो फुटला गं. संक्रांतीला फडताळ पुसताना हातातनं निसटला. भंगलेलं घरात ठिवू नये म्हून तेरणेच्या धरणात सोडला. हळद-कुंकू वाहून, नीट सोडला."

मी तिच्या शेजारी खाली बसले. आईवर ओरडायचं होतं, पण ओरडू कशावर? ज्या मायेनं तिनं तो जन्मभर जपला, त्याच मायेनं बुडवला होता. मला राग आला तो माझाच. एकाचे दोन साचे करताना कोणता मोलाचा हे मी एकटीनं ठरवलं होतं, आणि तिला ते कळलं असणार असं गृहीत धरलं होतं.

"म्या तुला बोलवणारच व्हते," आई हळूच म्हणाली. "लक्ष्म्या आल्या जवळ. त्यो काचेतला मला आणून दे. बाळाबिगर लक्ष्म्या कशा बसवू?"

संग्रहालयात जाऊन खरं काय ते सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि खरा?" एवढंच विचारलं. "धरणात," मी म्हणाले. त्यांनी काचेतली माहितीची पट्टी स्वतःच काढली आणि साचा माझ्या हातात ठेवला.

आता धरणाचं पाणी ओसरलं की मी गाळात खापऱ्या उलथीत फिरते. काही मिळत नाही, तरी पाय तिकडं वळतातच.

लक्ष्म्यांच्या दिवशी आईनं कुंभाराच्या साच्याला तेल लावलं, अंगठ्यानं माती दाबली आणि बाळ अलगद बाहेर काढलं. कुरळे केस, जड कुंडलं, सगळं जागच्या जागी. तिनं ते उजेडात धरून निरखलं.

"यंदा जरा वाळलंय गं," आई म्हणाली, आणि बाळाच्या पानात पुरणाची एक पोळी जास्तीची वाढली.