निर्जळ नवस

जी गोष्ट तुम्ही मारुतीरायासमोर डोळे मिटून सांगता, तीच डॉक्टरसमोर डोळे उघडे ठेवून सांगायला तुमची जीभ का अडते?

मला हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. भांडणं माझ्या स्वभावात आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, बाजारातल्या बायकांसाठी मुतारी नाही म्हणून, मी पत्रकं लिहिली आणि सौंसरच्या बाजारात उभं राहून हाताने वाटली. ‘मुतारी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापताना मला लाज वाटली नव्हती. पण स्वतःबद्दलचं एक साधं वाक्य मला घरात, मित्रांत, कुठेही उच्चारता येत नव्हतं. लघवी करताना मला आग होते, हे ते वाक्य.

पहिल्यांदा झालं ते चैत्रात. आमचा संत्र्याचा बगीचा बोरगावच्या बाजूला आहे. झाडांना पाणी देता देता दिवस उन्हात जायचा आणि स्वतः पाणी प्यायचं भान राहायचं नाही. आमच्याकडे अशा जळजळीला उन्हाळी लागणं म्हणतात आणि ते कुणी आजारात धरत नाही. मी नुसतं “पोटात गरमी झाली” म्हटलं तरी आईला कळलं. “उन्हाळी लागली असन. धने भिजवून ठेवते, सकाळी पेऊन घे,” ती म्हणाली. आग उतरली. पावसाळ्यात ती पुन्हा आली. मग कापूस वेचणीच्या थंडीतही आली, आणि तेव्हाही मी धने भिजवले. अंगावर स्वेटर घालून मी उन्हाचा उपाय करत होतो आणि त्यात मला काही वेडेपणा दिसत नव्हता.

एकदा धन्याने भागलं नाही, तेव्हा बाजारातल्या एका मेडिकलवर गेलो. दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर मोबाइल पाहत उभा राहिलो आणि मग हळूच सांगितलं. दुकानदाराने डोळा मारला. “काय भाऊ, हळद लागायच्या आधीच कुठं फिरून राहिला?” आत माल लावणारा माणूसही हसला. त्याने गोळ्यांची पट्टी दिली. दोन-तीन दिवसांत आग थांबली, तशा मी गोळ्या थांबवल्या आणि उरलेल्या कपाटात टाकल्या. पुढच्या वेळी त्याच खाल्ल्या. मग पुन्हा तशीच पट्टी आणली, पुन्हा अर्धी ठेवली.

त्या थट्टेने माझं तोंड कायमचं बंद केलं, कारण माझी सोयरीक पांढुर्ण्यात जुळली होती. साखरपुडा झाला होता. मुलगी मला मनापासून आवडली होती आणि तिचे वडील, कापसाचे व्यापारी, गावात शब्दाला किंमत असलेले गृहस्थ होते. पोराले तसलं काही हाय, एवढं एक वाक्य सौंसरहून निघालं असतं तर माझ्या आधी पांढुर्ण्याला पोचलं असतं. ‘तसलं’ काही नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण ते कुणाकुणाला आणि कोणत्या तोंडाने पटवणार? मी डॉक्टरकडे गेलो नाही. सरकारी नाही, खासगी नाही, परगावचाही नाही. जगाला निर्भय व्हा म्हणून सांगणारा मी, दवाखान्याच्या पाटीखालून मान वळवून गाडी पुढे काढत होतो.

शरीर मात्र थांबलं नाही. लघवी गढूळ झाली, तिला उग्र वास येऊ लागला. तासातासाला जावं लागे आणि गेल्यावर थेंब थेंब. उजव्या कुशीत मागच्या बाजूने कळ उठे आणि खाली जांघेपर्यंत उतरे. लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्या त्या आठवड्यात संध्याकाळी मला थंडी वाजून ताप आला. दात वाजत होते. आई म्हणाली, मलेरिया असन. मी ‘हो’ म्हणालो. मलेरिया हा किती प्रतिष्ठित आजार आहे, हे तेव्हा कळलं.

त्या तापात मी नवस बोललो. येत्या शनिवारी अनवाणी चालत जामसांवलीला जाईन आणि मारुतीचं दर्शन होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. आमच्या भागात दुखणं घेऊन जामसांवलीला जाणारा मी काही पहिला नव्हतो. लोक तिथे राहतात, सेवा करतात, बरे होऊन घरी जातात. माझीही श्रद्धा खरी होती. पण निर्जळ राहण्यात तेवढीच श्रद्धा नव्हती. पाणी प्यायलं नाही की लघवीला जावं लागत नाही, आणि गेलं नाही की जळत नाही, हा हिशेब मी कित्येक दिवस करत होतो. आता त्या भित्र्या हिशेबाला मी उपासाचं सोवळं नेसवलं. आईने कौतुकाने माझ्या कपाळाला बुक्का लावला. मला तिच्याकडे पाहवलं नाही.

शनिवारी पहाटे निघालो. सौंसर मागे पडेपर्यंत बरा होतो. ऊन चढलं तशी कुशीतली कळ प्रत्येक पावलाला टोचू लागली. तोंडात जीभ लाकडासारखी. रस्त्याच्या कडेला एकदा ओकारी झाली, पोटात काही नसताना. मंदिराच्या रांगेत लागलो तेव्हा भर उन्हात मला हुडहुडी भरली. बाकीच्यांच्या अंगावर घामाच्या धारा होत्या आणि मी हात काखेत दाबून थरथरत उभा होतो. रांग इंचाइंचाने सरकत होती. पिंपळाची पानं दिसत होती, घंटा ऐकू येत होती, आणि मला वाटत होतं की पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत आता मी पोचत नाही. मी मनात म्हणालो, मारुतीराया, मी खोटं बोलून इथवर आलो. माझ्या हातून आता काही होत नाही. काय करायचं ते तूच कर.

त्याच वेळी पुढचा माणूस वळला. खूण म्हणा, योगायोग म्हणा. मी जे घडलं ते लिहितो.

साठीचे गृहस्थ, डोक्यावर गमछा, सोबत त्यांची बायको. वरुडकडचे होते, नातवाचा नवस फेडायला आलेले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मी कुशीवर दाबून धरलेल्या हाताकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, “बाबू, लघवीले जळते का?”

इतक्या माणसांत. मी इकडेतिकडे पाहिलं. “नाही जी. बुखार हाय जरासा.”

“बुखार तर दिसूनच राहिला. मी काय विचारलं?”

मला काय झालं कोण जाणे. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं एका अक्षरात बाहेर आलं. “हो.”

“माह्या लहान्या भावाले असंच होये. तोही उन्हाळी उन्हाळी करत राह्यला. मंग एक दिवस असाच कापाले लागला. आता नागपूरले मशीनवर रगत साफ करून घ्या लागते त्याले.” ते बायकोकडे वळले. “चाल, याले घेऊन निघू.”

मी म्हणालो, नवस आहे, दर्शनाशिवाय पाणी नाही, रांग सोडता येणार नाही. यावर ती बाई अशी भडकली की मागचे लोक पाहू लागले. “बजरंगबली काय दरवाज्यावर हजेरी घेऊन राहिला का रे? कोन आलं अन्‌ कोन नाही? माय बसली असन ना घरी तुही? पे पानी!” तिने बाटलीचं बूच काढून बाटली माझ्या ओठाला लावली. मी प्यायलो. नवस मोडताना जी भीती वाटायला हवी ती वाटली नाही. मला रडू आलं.

गाभारा समोर दिसत होता. सकाळपासून उभे राहिलेले ते दोघं माझ्यासाठी रांगेतून बाहेर पडले, त्यांच्या गाडीत मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि सौंसरच्या दवाखान्यात आणलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता प्रश्न विचारले, जसे कुणी पत्ता विचारतं. आग कधीपासून? कितीदा झालं? रक्त दिसलं का? धार बारीक झाली का? घरात साखरेचा आजार कुणाला? कोणत्या गोळ्या, किती दिवस घेतल्या? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. कुणी हसलं नाही. कुशीत मागून बोटांनी हलकंच ठोकलं तेव्हा मी ओरडलो. लघवीचा नमुना घेतला, सलाइन लावलं. त्या म्हणाल्या, “बायकांना असा जंतुसंसर्ग होतो, बऱ्याचदा साध्या औषधाने जातो. पुरुषाला पुन्हा पुन्हा होत असेल तर आत काहीतरी कारण बसलेलं असू शकतं. ते शोधावं लागतं. तुम्ही प्रत्येक वेळी ते झाकत होता. आणि थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, ओकाऱ्या असं आलं की मग दिवस पाहायचा नाही, त्याच क्षणी निघायचं.”

कारण सोनोग्राफीत दिसलं. उजव्या बाजूच्या मूत्रनळीत खडा अडकला होता, वर लघवी तुंबली होती आणि त्या तुंबलेल्या लघवीत जंतू पोसले होते. अर्धवट गोळ्यांनी ते मेले नव्हते, उलट काही औषधांना दाद देईनासे झाले होते. घरच्यांना बोलावून त्याच दुपारी मला नागपूरला हलवलं. तिथे आत नळी घालून तुंबलेलं मोकळं केलं. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर किडनी जाण्याचीच नव्हे, जिवाचीच भीती होती. खडा नंतर, संसर्ग उतरल्यावर काढला. औषध या वेळी शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं आणि पुन्हा लघवी तपासून घेतली.

वडिलांनी त्या गृहस्थांना फोन केला. तुमचं दर्शन आमच्यामुळे राहिलं, असं म्हणून त्यांनी माफी मागितली. पलीकडून उत्तर आलं, “आमी दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. मारुती कुठं पळून जाऊन राहिला काय? पोरगा कसा हाय ते सांगा.”

पण मला ज्याची धास्ती होती ते अजून व्हायचं होतं. दवाखान्यात असतानाच पांढुर्ण्याहून मुलीचे वडील आले. माझ्या वडिलांनी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं होतं. ते माझ्या खाटेजवळ बसले. मग माझ्या वडिलांना चहा आणायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. आता सोयरीक मोडल्याचं ऐकायचं, म्हणून मी चादर मुठीत धरली.

ते पुढे वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “जावईबापू, एक विचारतो. तुमाले सुरू व्हाले वेळ लागत होता का?”

मला कळायला क्षण लागला. मग त्यांचा चेहरा दिसला. इतका मानी माणूस, आणि डोळ्यांत माझीच भीती. वर्षभर त्यांना तोच त्रास होता. आग, अडखळणारी धार, मधूनच ताप. मेडिकलच्या गोळ्या. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ते कितीदा गेले आणि ओळखीचा कुणी दिसला म्हणून परत फिरले. “पोरीचं लगन झालं की दाखवीन म्हनलं,” ते म्हणाले. मी हाताला सलाइन असताना त्यांना त्याच मजल्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती आणि लघवी पूर्ण रिकामी होत नव्हती. उपचार सुरू झाले. लग्नही झालं, पत्रिकेवरच्या तारखेला नाही, पण झालं.

नंतर मी जामसांवलीला गेलो, गाडीवर, भरपूर पाणी पिऊन. मूर्तीसमोर काही मागितलं नाही. इतकी वर्षं मी शरण जाणं म्हणजे शरीराला छळणं समजत होतो. त्या रांगेत मी एकच खरं अक्षर बोललो, आणि तेवढ्यावर मारुतीरायाने मला उचलून घेतलं. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ते अक्षर जड होतं. ते माझ्याकडून वदवून घेणाऱ्याचा मी ऋणी आहे.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या घरात एखादा पुरुष पुन्हा पुन्हा लघवीला उठत असेल, आत वेळ लावत असेल, उन्हाळी म्हणून धने भिजवत असेल, तर आजच त्याला स्पष्ट शब्दांत विचारा. तो नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारा. आणि हो म्हणाला तर सकाळी त्याच्यासोबत दवाखान्यात जा, आत डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत जा. एकट्याला पाठवू नका. तो फाटकावरून परत येतो.