अकोल्याहून येणारा आवाज

त्या दुपारी कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला फोन वाजला आणि ऑपरेटरनं "अकोला, बोला" म्हटल्याबरोबर मी सवयीनं सुरू झाले. "डॉक्टर, आज पहिले नानाजी आहेत. दाढी केली आहे, पण एकाच गालाची..." पलीकडे कुणी हसलं नाही. तारेतल्या नेहमीच्या घरघरीतून एका बाईचा आवाज आला, "मी त्यांची पत्नी बोलते आहे. हे आज पहाटे गेले." आमच्या आश्रमातले नानाजी माझ्यासमोर अर्ध्या दाढीनिशी बसून होते, डॉक्टर आपल्याशी केव्हा बोलतात याची वाट पाहत.

डॉक्टर मोहरीलांना जाऊन आता दीडेक महिना होत आला. ते अकोल्याला मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. अमरावतीला मी सांभाळते त्या वृद्धाश्रमात सुरुवातीला स्वतः यायचे. बडनेऱ्याला गाडीतून उतरून टांग्यानं. मग त्यांच्याच हृदयानं दगा दिला आणि प्रवास कायमचा बंद झाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं आता कसं होणार म्हणून मी हातपाय गाळून बसले, तर त्यांचाच ट्रंक कॉल आला. "बाई, मी येऊ शकत नाही, पण तुम्ही मला दाखवू शकता." मी विचारलं, फोनवर काय दाखवू? "माणूस दाखवा," ते म्हणाले.

फोन आश्रमाचा नव्हताच. शेजारच्या जिनिंगचे मालक भाऊसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांच्या ऑफिसात तो होता. बाजाराच्या दिवशी जिनिंगची यंत्रं बंद असायची, म्हणून कॉल त्याच दुपारी. तो लागेपर्यंत उन्हं खिडकीतून टेबलावर आलेली असत. बाकावर आमची मंडळी ओळीनं बसलेली, हवेत कापसाचं तूस तरंगत असायचं आणि हळूहळू त्यांच्या खांद्यांवर, केसांवर उतरायचं. सरकीच्या वासानं डोळे जड होत. त्या गुंगीत दूरवरून, कधी स्पष्ट, कधी बुडून पुन्हा वर आल्यासारखा डॉक्टरांचा आवाज यायचा. मला कित्येकदा वाटे, आम्ही सगळे मिळून एकच स्वप्न पाहतो आहोत... आणि त्याच स्वप्नात डॉक्टर मला झापत असत! मी जन्मभर मराठी शिकवलेली बाई, वर्णनात्मक निबंधांना मार्क देणारी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "चेहरा उदास आहे." ते म्हणाले, "उदास मला दिसत नाही. ओठ सांगा. हात कुठं आहेत? कुणाकडे पाहून राहिले?" बावीस वर्षं दुसऱ्यांचे निबंध तपासले, माझा तपासणारा असा उतारवयात भेटला. मला रागही यायचा आणि पुढच्या बाजाराच्या दिवसाची ओढही लागायची.

अनसूयाबाई आमच्याकडे आल्या तेव्हा डॉक्टरांचं येणं थांबलेलं होतं, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेतल्या त्या कास्तकारीण. नवरा गेला, बाग दिराकडे गेली आणि पुतण्या त्यांना आमच्या फाटकाशी सोडून गेला. तेव्हापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून बसायच्या, भरवलं तर दोन घास खायच्या, लुगड्याची शुद्ध नाही, कोणी पुरुष आला-गेला तरी डोकं तसंच उघडं. एका रात्री त्या विहिरीच्या काठाशी सापडल्या आणि भाऊसाहेबांनी हात टेकले. "बाई, आता काई इलाज नाई. तिले वेड्याइच्या दवाखान्यात पाठवून द्या. उद्या काई झालं त् आपल्यालेच जवाब द्या लागन." माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण त्या दवाखान्यात गेलेलं म्हातारं माणूस परत आल्याचं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मी बाजाराच्या दिवसापर्यंतची मुदत मागून घेतली.

त्या दुपारी मी अनसूयाबाईंना हाताला धरून ऑफिसात आणलं. भाऊसाहेब दाराशी उभे राहिले. रिसीव्हर मी एकदा अनसूयाबाईंच्या कानाला लावायची आणि एकदा माझ्या. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं. त्या जिथं पाहत होत्या तिथंच पाहत राहिल्या. मग डॉक्टर वऱ्हाडीत शिरले. रिसीव्हरमधून मलाही ऐकू येत होतं, "मी अकोल्याहून बोलून राह्यलो, माय. तुमच्याकडे औंदा संत्र्याचा बहार कसा हाये?" मी रिसीव्हर ओढून घेतला. "डॉक्टर, काही नाही. तशाच आहेत. डोळे भिंतीवर. नुसता पदर घेतला डोक्यावर, बस्स."

"काय घेतला?"

"पदर."

ते इतक्या मोठ्यानं ओरडले की बाकावरचे नानाजी जागे झाले. "आणि काही नाही म्हणता? बाई, भाऊसाहेब समोर उभे असताना नाही घेतला. माझा आवाज ऐकून घेतला! परका माणूस आपल्याशी बोलतो आहे, हे त्यांना कळलं. ह्या बाईला सगळं कळतं. त्यांना दुःख झालंय, वेड नाही लागलं. द्या फोन भाऊसाहेबांना."

भाऊसाहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं. "डाक्टरसाहेब, पदराच्या भरवशावर ठेवू का मी तिले इथं?" ते म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कधीच कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि भाऊसाहेबांनीही नाही. पण रिसीव्हर ठेवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "विहिरीवर झाकण बसवून घेतो."

मग औषधं आली, तीही थोडीच. खरं औषध आवाजच होता. दर बाजाराच्या दिवशी डॉक्टर बोलायचे. पाऊसपाण्याचं, आंबट निघालेल्या संत्र्यांचं, स्वतःच्या पथ्याच्या अळणी भाजीचं... आणि अनसूयाबाई डोक्यावरचा पदर धरून ऐकायच्या. कापसाचं तूस त्यांच्या पापण्यांवर उतरायचं तरी हलायच्या नाहीत. मी दाखवत राहायची. आज मान इकडे वळली. आज अंगठा हलला. आज तुमच्या भाजीला हसल्या की काय, सांगता येत नाही. "सांगता येत नाही, हे छान सांगितलं," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात मिळालेली तेवढीच शाबासकी मी जपून ठेवली आहे. आणि एका दुपारी, कॉल संपता संपता, अनसूयाबाईंनी माझ्या मनगटाला धरलं. महिनोन्महिने न वापरलेला, खरखरीत आवाज. "बाई, त्यायले सांगजा. मिरगाचा बहार नाई धरला आमी औंदा. पानी नोतं." पहिल्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. मी ते फोनमध्ये सांगितलं आणि मला रडू फुटलं. पलीकडे डॉक्टरांचंही काही बरं चाललेलं नव्हतं. "बाई, तार खराब आहे," एवढंच म्हणाले.

बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला निघाले, तर अनसूयाबाई पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या. "मीई येतो," म्हणाल्या. गाडीत त्या पूर्ण वेळ बाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत बसल्या. डॉक्टरांच्या घरी त्यांच्या पत्नी, वहिनी, शांत होत्या. त्यांनी आम्हाला डॉक्टरांच्या खोलीत नेलं. टेबल, काळा फोन, मागं त्यांची खुर्ची. आणि टेबलाच्या या बाजूला, त्या खुर्चीकडे तोंड करून ठेवलेली आणखी एक वेताची खुर्ची.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"पेशंटची," वहिनी म्हणाल्या. "तुमचा कॉल लागायचा झाला की हे ती ओढून समोर ठेवायचे, उशी नीट करायचे. मी हसायची, अहो, पेशंट अमरावतीला आहेत! तर म्हणायचे, मग बाईंनी दाखवल्यावर ते बसतील कुठं? एकदा बाहेर येऊन मला सांगितलं, आज एक बाई आल्या, पदर घेऊन बसल्या... अगदी इथं, माझ्यासमोर."

मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, मग हळूच पुढं होऊन तीत बसल्या. समोर डॉक्टरांची रिकामी जागा, तिच्यामागं खिडकी, खिडकीत कडुनिंब. त्या सगळं बघून घेत राहिल्या. नवीन घरात आलेलं माणूस बघतं तसं नाही. फार दिवसांनी आपल्या घरी आल्यावर बघतं तसं.

"म्हंजे मी इथंच बसत होतो त्," त्या म्हणाल्या.

वहिनींनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या.