देवासारखे आलात

कोणाच्या घरी माणूस गेलं की डॉक्टरनंतर दुसरा फोन आमच्या ह्यांना येतो. हे म्हणजे जयवंत, माझा नवरा. वसईतल्या आमच्या उमेळ्याच्या केळीच्या वाड्या तोडून इमारती उठल्या, त्यांत कोकणातली, देशावरची, मुंबईतली माणसं राहायला आली. घरोघरी पॉलिश केलेली देवघरं आली, पण तिरडी बांधता येणारा एक माणूस काही आला नाही.

आम्ही आलो त्याच वर्षी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले. सगळे शिकलेसवरलेले पुरुष बांबूंभोवती हात मागे बांधून उभे. शेवटी गावातला धर्माभाऊ आला आणि त्याने ह्यांनाच हाताशी घेतलं. "घट्ट आवळ. मानूस वाटेत हलला नाय पायजे," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून हे काम ह्यांच्या गळ्यात पडलं. पुढे धर्माभाऊ गेला, तेव्हा त्याचीही ह्यांनीच बांधली.

आमच्याकडे पूजाअर्चा मी करते. हे देवळात जात नाहीत, उपास धरत नाहीत. मी चिडून म्हणायचे, "कधीतरी देवाचं काही करा."

"देवाचं माझ्यावाचून काय अडलंय?" हे म्हणायचे. "त्या माणसाचं अडलेलं असतं." आणि ताटावरून उठून निघायचे.

त्या घरची माणसं मग हात जोडतात. "काका, अगदी देवासारखे आलात." हे वाक्य ऐकून ऐकून मला वीट आलाय. कारण त्याच घरात पुढे बारसं होतं, सत्यनारायण होतो, पेढे शेजारच्या दारापर्यंत येतात आणि आमची बेल वाजत नाही. हे लिफ्टपाशी दिसले की काहींना एकदम जिना चढायची हौस येते. ह्यांना ते कळत नाही असं मला वाटायचं. सगळं कळत होतं.

मग आमच्या सुरुचीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मुलगा वसईतलाच, वेदांत. त्याच्या आजोबांची तिरडी गेल्या वर्षी ह्यांनीच बांधली होती, आणि "देवासारखे आलात" म्हणत वेदांतच्या आईने ह्यांचे पाय धरले होते. तीच बाई आमच्या सोफ्यावर बसून चहा पिता पिता म्हणाली, "कन्यादान सुरुचीच्या काका-काकूंनी केलं तर? वाईट वाटून घेऊ नका. पण त्या हातांनी... आमच्या सासूबाईंच्या मनात येतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुरुचीच बोलली. "बाबा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. प्लीज."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि रिकामे कप उचलून आत गेले. मला माझ्या पोटच्या पोरीचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

लग्नात दीर-जाऊ पाटावर बसले. हे हॉलच्या शेवटच्या रांगेत, नव्या कुर्त्यात, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. मीही तिथेच बसले. पुढून दोनदा बोलावणं आलं, गेले नाही. आम्ही तिथूनच अक्षता टाकल्या. त्या मधल्या रांगेतल्या लोकांच्या डोक्यांवर पडल्या.

घरी आल्यावर हे कुर्ता न काढताच गॅलरीत बसले. म्हणाले, "सरोज, इथल्या एकाही पोराला मला शिकवता आलं नाही. घरचे पाठवतच नाहीत. माझी कोण बांधणार गं?"

मी उठले. माळ्यावरचं सुतळीचं बंडल काढलं, कपडे वाळत घालायच्या दोन काठ्या आणल्या आणि त्यांच्यासमोर फरशीवर ठेवल्या.

"दाखवा."

"बायका नाही बांधत."

"पोरीच्या कन्यादानाला आईही शेवटच्या रांगेत नाही बसत. दाखवा."

त्यांनी माझे हात हातात धरून पहिली गाठ मारली. दुसरी मी मारली. त्यांनी ती ओढून पाहिली.

"सैल आहे," म्हणाले. "वाटेत मी हलेन."

मी ती सोडली आणि पुन्हा आवळायला घेतली.