कचेरी त्या दिवशी उघडी होती

राजा गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न सौदीत उमेदीची वर्षं काढलेली आमची पिढी एकमेकांना हमखास विचारते. कुणाच्या मुलीच्या लग्नात, कुणाच्या निरोपाच्या जेवणात बिर्याणीची ताटं उचलली गेली की विषय निघतोच. एकजण ताइफचा घाट चढत होता आणि त्याच्या गाडीतल्या रेडिओवरचं गाणं मध्येच थांबलं. दुसरा हुफूफच्या बाजारात खजुराचा भाव करत होता, तर दुकानदार तराजू तसाच सोडून आत गेला. माझा मित्रही सांगतो. सगळ्यांत त्याचीच गोष्ट लोक कान देऊन ऐकतात, आणि ती सुरू झाली की मी पाणी प्यायला उठतो. त्या गोष्टीतलं एक वाक्य खोटं आहे. ते मी त्याला दिलेलं आहे.

आम्ही अल खर्जजवळच्या एका डेअरीवर होतो. हजारो गाई, लांबच लांब पत्र्याच्या शेड, त्यांत फिरणारे मोठे पंखे आणि पाण्याचा बारीक फवारा. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी गाईंना सावलीत गार वाटायला हवं. आम्ही माणसं गंमतीनं म्हणायचो, पुढच्या जन्मी इथली गाय व्हावं. माझा मित्र तिथल्या कूलिंग प्लांटचा मेकॅनिक होता. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला तरी तो झोपेतून उठून बसायचा. मी ऑफिसात कारकून: हजेरी, पगारपत्रकं, इकाम्यांची, म्हणजे राहण्याच्या परवान्यांची, नूतनीकरणं, आणि कंपनीच्या कपाटात कुलपात ठेवलेले सगळ्यांचे पासपोर्ट.

सावित्रीच्या खाडीच्या उत्तरेच्या काठावर त्याचं गाव, दक्षिणेच्या काठावर माझं. मधे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालायची. तो रायगडचा, मी रत्नागिरीचा. तो मुसलमान, मी हिंदू. पण वाळवंटात हजारो मैलांवर आल्यावर खाडी एवढी अरुंद होते की बोलायला नको. त्यानं मला पहिल्या दिवशीच “पलीकडचा” म्हटलं. मीही त्याला तेच म्हणू लागलो. पुढे कॅम्पातले केरळचे स्वयंपाकी आणि पेशावरचे ड्रायव्हरसुद्धा आम्हा दोघांना एकाच नावानं हाक मारायचे, आणि हाक कुणाला आहे ते आवाजावरून आम्हाला कळायचं.

शुक्रवारी त्याच्या खोलीत स्वयंपाक. तांदळाची भाकरी तो हातावरच थापायचा. मी फक्त कांदा चिरायचा, तेही नीट नाही, अशी त्याची तक्रार. त्याच्या गावचं कुणी सुट्टीहून परतलं की त्याची आई सोड्यांचे, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचे, पुडे पाठवायची, प्लास्टिकच्या सहा-सहा पिशव्यांत गुंडाळलेले, कस्टमच्या माणसाला वास लागू नये म्हणून. त्यात एक लहान पुडा नेहमी वेगळा असायचा. तो माझा. “त्या पलीकडच्या पोराला दे,” असा निरोप असायचा. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण वर्षानुवर्षं त्यांचे सोडे खाल्ले.

राजा आजारी असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मी या देशात उतरलो त्याच सुमारास तो गादीवर आला होता; माझ्या हिशेबानं हा देश आणि त्याचा फोटो एकच होते. आमच्या ऑफिसात माझ्या टेबलाच्या वर त्याची तसबीर होती आणि दर महिन्याला मीच ती पुसायचो.

त्या उन्हाळ्यात मित्राच्या आईनं अंथरूण धरलं. मोठा भाऊ जिद्दाला कार्गोच्या ऑफिसात होता, तो आधीच सुट्टी घेऊन गावी पोहोचला होता. एका रात्री त्याचा फोन आला की आता उशीर करू नकोस. मॅनेजरनं रजा मंजूर केली, दुसऱ्या रात्रीच्या मुंबईच्या विमानाचं तिकीटही झालं. राहिला फक्त पासपोर्टवरचा जाण्या-परतण्याचा शिक्का. तो शिक्का पासपोर्टच्या कचेरीत, म्हणजे जवाजातमध्ये, मारून घ्यावा लागे. आमच्या कंपनीचा एक सौदी माणूस होता, मंदूब, सरकारी कामं करणारा. त्यानं मला सांगितलं, सकाळी अकराला पासपोर्ट आणि कंपनीचं पत्र घेऊन कचेरीच्या दाराशी ये, अर्ध्या तासाचं काम आहे.

मित्राला सकाळी प्लांट सोडता येत नव्हता. सुट्टीवर जाण्याआधी त्याला बदलीच्या माणसाला सगळं समजावून द्यायचं होतं. “तू आहेस ना,” एवढंच म्हणून तो कामावर गेला.

दहाच्या सुमारास मेसमधल्या टीव्हीवरचा कार्यक्रम थांबला आणि कुराणपठण सुरू झालं. स्वयंपाक्यानं कालथा खाली ठेवला. थोड्या वेळानं बातमी आली. आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे राहिलो. मग स्वयंपाक्यानं हळूच विचारलं की उद्या सुट्टी का. शेडचा सुपरवायझर, जॉर्डनचा होता, म्हणाला, “गाईंना कोण सांगणार?” आणि निघून गेला.

मी मात्र तिथेच बाकावर बसलो. आता खरं लिहितो. मला एकदाही वाटलं नाही की कचेरी उघडी असेल. मी ज्या देशात वाढलो तिथे मोठा माणूस गेला की मास्तर घंटा बडवून शाळा सोडतात, रेडिओवर सारंगी लागते, बँकेचं दार बंद, निशाण अर्ध्यावर. तेवीस वर्षं राज्य केलेला राजा गेल्यावर शिक्के मारत कोण बसेल? खिडकीतून गेटवरचं हिरवं निशाण दिसत होतं. कुणी ते खाली घेतलं नव्हतं. आमच्यातला एकजण म्हणालाही की हे घ्यायचं राहिलं वाटतं. तेव्हा पेशावरचा ड्रायव्हर म्हणाला की त्याच्यावर कलमा लिहिलेला आहे, ते कुणासाठी झुकत नाही. हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. या देशातली दुःखाची रीत वेगळी आहे, इथे राजालाही नाव न कोरलेल्या कबरीत ठेवतात आणि माणसं कामाला लागतात, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

आणि अर्धं सत्य सांगून थांबायचं नाही असं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो: मला जायचं नव्हतं. बाहेर ऑगस्टचं ऊन होतं, मेसमध्ये एसी होता, आणि टीव्हीवर राजाच्या जुन्या दिवसांची दृश्यं दाखवत होते. तरुणपणचा राजा, उंट, पहिले रस्ते, पहिली विमानं. माझंही तरुणपण त्यातच गेलं होतं. मी चहा पीत पाहत राहिलो. माझा फोन खोलीत चार्जिंगला होता.

दीड वाजता खोलीत गेलो तर मंदूबचे चार फोन येऊन गेलेले. मी उलटा फोन केला. तो चिडला नव्हता, बुचकळ्यात पडला होता. म्हणाला, मी दाराशी तासभर थांबलो, आत गर्दी पण नव्हती, तू का आला नाहीस? मी विचारलं, आज उघडं आहे? तो म्हणाला, “का नसेल?” आता त्याला रियाधला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशीच्या दफनाच्या नमाजाला. म्हणाला, परवा बघू.

संध्याकाळी मित्र कामावरून आला. आंघोळ केली, बॅग बंद केलेली होती तिच्यावर बसला आणि हात पुढे केला, पासपोर्टसाठी. मी म्हणालो, “किंग गेला ना. जवाजात बंद होतं. दारापर्यंत जाऊन आलो.”

त्यानं हात मागे घेतला. मग म्हणाला, “तू तरी काय करणार. उन्हातनं गेलास, जेवलास का?”

दुसऱ्या दिवशी रात्री त्याची आई गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्टवर शिक्का बसला, चौथ्या दिवशी तो गावी पोहोचला. तोपर्यंत दफन होऊन चोवीस तास उलटले होते. राजा गेला त्या रात्रीचं विमान मिळालं असतं तर त्याला तिची शेवटची संध्याकाळ मिळाली असती. ती शुद्धीवर होती. तर काठाला लागली का, असं सारखं विचारत होती, हे त्याला नंतर बहिणीनं सांगितलं.

दीड महिन्यानं तो परत आला. त्याच्या बॅगेत एक लहान पुडा होता. आईनं अंथरुणावर पडण्याआधी माझ्यासाठी बांधून ठेवलेला. तो माझ्या हातात देऊन मगच त्यानं गावचं सांगितलं. आईची कबर पाहून कबरस्तानातून परतताना मोठा भाऊ सगळ्यांसमोर त्याला बोलला होता की ओव्हरटाइमसाठी थांबलास आणि मेलेल्या राजावर ढकलतोस. भावानं जिद्दाला फोन करून चौकशी केली होती. त्याच्या खोलीतल्या माणसाचा शिक्का त्याच दिवशी, राजा गेला त्याच दिवशी दुपारी उठला होता. मग अल खर्जला कचेरी बंद कशी?

“मी भायला म्हटलं,” मित्र मला सांगत होता, “माझा दोस्त स्वतः जाऊन आलाय. तो खोटं बोलणार नाही.”

बोलण्याची वेळ तीच होती. पुडा माझ्या हातात होता. मी म्हणालो, जिद्दाचं काय, तिथलं सगळंच वेगळं. त्या एका वाक्यानं पहिल्या खोट्याला बाप मिळाला. पहिलं घाबरून तोंडातून गेलं होतं. हे विचार करून बोललो.

त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. वीस वर्षं होत आली. गावच्या घरात मधे भिंत घातली, ओटीला दोन दारं झाली. भावाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण याला आलं नाही. तरी हा सणाला फोन लावायचा, आणि पलीकडून कुणीतरी लहान मूल उचलायचं आणि मोठं कुणीतरी ठेवायचं. पुढे त्यानं या सगळ्याची एक गोष्ट करून टाकली, लोकांत सांगायची. “किंग गेला त्या दिवशी माझं विमान गेलं,” अशी सुरू होते. भावाचा भाग तो सांगत नाही.

मी निवृत्त होऊन गावी आलो. बायको गेली. या हिवाळ्यात मुलाकडे रियाधला आलो आहे. नातवंडं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतात आणि मी समजल्यासारखं करतो. मित्र अजून अल खर्जलाच असतो, मुलाच्या एसी दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोल्यांत. गेल्या महिन्यात माझा मुलगा मला त्याच्याकडे घेऊन गेला. जुनी डेअरी बाहेरून पाहिली. शेड वाढल्या आहेत, कॅम्प पाडून तिथे पार्किंग केलं आहे. मित्रानं भाकरी केली. हात थरथरतो, पण भाकरी तशीच पातळ, काठ न चिरलेली. सोडे होते. आम्ही दोघं हसत होतो, स्वयंपाक्याची नक्कल करत होतो, किती वर्षांनी इतकं बरं वाटत होतं.

मग तो माझ्या मुलाकडे वळला आणि गोष्ट सुरू केली. आता ती लांब झाली आहे. आता त्यात मी भर उन्हात तीन मैल चालत कचेरीपर्यंत गेलो, बंद दार ठोठावलं, पहारेकऱ्याशी भांडलो. “असा तुझा बाप,” तो म्हणाला. माझ्या मुलानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला पेलवली नाही.

मी म्हणालो, “कचेरी उघडी होती.”

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मी गेलोच नव्हतो, मेसमध्ये टीव्ही पाहत बसलो होतो, तुझा भाऊ बरोबर बोलत होता. माझा मुलगा ताटातला हात आखडून बसला. मित्र उठला, ओट्याशी गेला, तवा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

मग म्हणाला, “पुड्याच्या वेळी पण सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“मला कशाला सांगतोस आता? मी तर तुझं खरंच मानत होतो. भायला सांग.”

त्यानं स्वतः नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. माझ्या मुलाच्या फोनवरून लावला, त्याचा नंबर तिकडे उचलत नाहीत म्हणून. भाऊ ऐंशीच्या पुढे आहे, आवाज खोल गेलाय. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला की फोनवर कोणीही काहीही बोलतं, माझा धाकटा भाऊ कुणाकडूनही बोलवून घेईल. “लिहून पाठवा. मराठीत लिहा, माझी नात वाचून दाखवेल.” फोन ठेवला.

मित्र मला सोडायला जिन्यापर्यंत आला नाही. त्याचं बरोबर आहे.

म्हणून हे लिहिलं. एक प्रत भावाला पाठवली आहे. पण ती गोष्ट चारचौघांत, वर्षानुवर्षं, माझ्या देखत सांगितली गेली, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांत व्हायला हवी.

भाईसाहेब, तुमचा भाऊ ओव्हरटाइमसाठी थांबला नाही. बॅग बांधून तो माझी वाट पाहत होता. तुमच्याशी तो खोटं बोलला नाही. मी त्याला जे सांगितलं तेच त्यानं तुम्हाला सांगितलं. पासपोर्ट कपाटातून काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेला होता, कचेरी उघडी होती, आणि मी गेलो नाही. माझ्याबद्दल तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. त्याचा फोन मात्र उचला.