नातीचा विषय आणि बाबूरावांचं माळवद

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, पण पडायचं नाव न्हाय. वारा बंद, नुसता उकाडा. आमच्या तेर गावच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर आम्ही तिघं बसलो होतो. मी गवंडी, रज्जाकभाई फरशी बसवणारे आणि महादप्पांचं सिमेंटचं दुकान. तिघांनी मिळून अर्धं गाव बांधलंय. आता हाताला काम न्हाय, म्हणून तोंडानं बांधतो!

किस्से कुणी मुद्दाम साठवत न्हाय. कामावरच्या तुटक्या विटांसारखे ते आपोआप कोपऱ्यात जमतात. यंदाचे सगळे मात्र एकाच गोष्टीपायी जमले. माझी नात वैशू पुण्याला आर्किटेक्टचं पुढचं शिक्षण घेते. तिला त्यातला एक विषय निवडायचा होता. सोमवारी फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि एकदा भरला की बदल न्हाय. मला लिहिता येत न्हाय. मी सांगतोय, तीच उतरवून घेतेय.

*

सुट्टीला गावी आली होती, तवा टपरीवर तिनं आम्हाला विषय समजावले. एक, शहर कसं वाढवायचं त्याचा. एक बागा-मैदानांचा. एक मोठी कामं वेळेत उरकायचा. आणि एक जुन्या इमारती जपायचा.

रज्जाकभाई माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बेटा, एका घराला एवढे डॉक्टर कशाला? आमच्या टायमाला हे नाना एकटेच सगळं करायचे!"

महादप्पा चहा फुंकत म्हणाले, "म्हणून तर गावातली निम्मी दारं लागत न्हाइत!"

*

तिच्या बापाचा पुण्याहून रोज फोन. "आबा, तिला सांगा, मोठी कामं उरकायचा विषय घे म्हणावं. नोकरी लगेच लागती."

पोरीचं मन जुन्या इमारतींवर. पण बापाला सांगायची हिंमत होईना. मला म्हणाली, "आबा, तुम्हीच सांगा, काय घेऊ?"

मी म्हणालो, "भिंत हातानं दाबून बघितल्याबिगर म्या कधी बोललो न्हाय. चल, आधी एक घर बघू."

*

आमचे शेजारी बाबूराव. त्यांचं घर माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. ते लई गळायला लागलं होतं. मंगळवारी जेसीबी बोलावून घर पाडायचं आणि स्लॅब टाकायचा, हे त्यांचं पक्कं झालं होतं.

वैशू म्हणाली, "काका, पाडायच्या आधी मापं घेऊ का?"

"घे की! पण उष्ट्या पत्रावळीची मापं घेऊन करणार काय?"

*

दोन दिवस पोरगी टेप घेऊन घरभर फिरली. दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. "आबा, ही भिंत वर चार बोटं बारीक भरती. चुकली का?"

"चुकली न्हाय. वर बोजा कमी. मग उगं जास्तीची माती कशाला चढवायची?"

तिनं ते लिहून घेतलं. रज्जाकभाई म्हणाले, "नाना, तुमची अक्कल पहिल्यांदाच कागदावर आली बघा!"

*

मग ती छतावर गेली. आम्ही तिघं मागोमाग. कोपऱ्यात भेगाळलेला कोबा, म्हणजे वरचा सिमेंटचा थर, तिनं उचकटला. खालची पांढरी माती कणकेसारखी ओली, आणि तुळईचं टोक काळं पडलेलं.

"आबा, मातीनं गळत न्हाय हे. सिमेंटच्या भेगांतून पाणी आत जातं आणि वाळायला वाटच न्हाय. हा कोबा कुणी टाकला?"

सिमेंट महादप्पांनी दिलं होतं. ते आभाळ बघायला लागले. रज्जाकभाईंनी घोटून गुळगुळीत केला होता. ते गपचूप शिडी उतरले.

मी म्हणालो, "म्याच."

पूर्वी दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती पसरायची आणि चोपायची. बाबूराव त्याला बेजार झाले होते. मीच त्यांना म्हणालो होतो, एकदा कोबा टाका, कायमची तकलीफ मिटंल.

वैशू वही उघडून तशीच उभी. "आबा, नाव लिहू तुमचं?"

"लिही. पण आधी घरमालकाला सांगून येतो."

*

त्याच संध्याकाळी बाबूरावांकडं गेलो. म्हणालो, "घर मातीनं गळत न्हाय, माझ्या कोब्यानं गळतंय. कोबा काढून दोन तुळया बदलल्या तर घर उभं राहील." ते उठून आत गेले. रविवारी दिसले, तर मान फिरवून पुढं गेले.

सोमवारी वैशू ओट्यावर मोबाईल घेऊन बसली. जुन्या इमारतींच्या विषयावर बोट नेलं आणि थांबली. "आबा, भरू?"

"भिंत दाबून बघितलीस न्हवं?"

तिनं बोट टेकवलं. मग बापाला फोन लावायला परसात गेली.

मंगळवारी सकाळपासून माझे कान जेसीबीकडं. आवाज काही येईना. नऊच्या सुमाराला दारात बाबूराव, खांद्यावर पहार.

म्हणाले, "नाना, चला कोबा फोडायला. आणि पोरीला संगं घ्या. न्हायतर तुम्ही परत सिमेंट टाकाल!"