उस्तादाच्या हातचा जोड

माझी पुतणी वेल्डर आहे. हे सांगितलं की लोक आधी तिचे हात बघतात आणि मग लग्नाचं विचारतात. काम तिला एका डावखुऱ्या उस्तादाने शिकवलं. जोडावर ग्राइंडर मारून तो गुळगुळीत करायचा नाही, हा त्याचा नियम. लपवलेला जोड म्हणजे खोटं काम. आणि शिष्याने उस्तादाचं काम तपासायचं नाही, हा कारखान्याचा रिवाज.

कारखाना शहराबाहेर. बस बदलून जाण्यातच तिचा जीव जायचा. उस्तादाने आपली जुनी सहाशे सीसीची स्पोर्ट्स बाइक विकायला काढली, तेव्हा हिने रोजच्या येण्याजाण्यासाठी तीच घ्यायची ठरवलं. मी जन्मभर फिटर, म्हणून बरोबर गेलो. वरचं प्लास्टिकचं आवरण खोलून चासी, म्हणजे आतला सांगाडा, बघू म्हणालो, तर हिने माझा हात धरला.

"काका, लाज आणू नका. उस्तादांची गाडी आहे."

"बघू दे की त्यांना," उस्ताद हसला. पाना मात्र त्याने दिला नाही.

गाडी पळायला झकास. फक्त हँडलवरची पकड सैल केली की डावीकडे ओढायची. टायर बदलले, बेअरिंग बदललं, खोड जाईना. शेवटी सुट्टीच्या दिवशी तिने अंगणात प्लास्टिक उतरवलं. हँडलच्या गळ्याशी रंग जाड दिसला. खरवडला. खाली ग्राइंडर मारलेला जोड. मागच्या बाजूला ग्राइंडर पोचत नाही, तिथे तिने कामावरचा छोटा आरसा धरला. वितळून गोठलेल्या धातूचे जोडावरचे खवले तिथे तसेच होते. उलट्या कलाचे, डाव्या हाताचे.

ती उकिडवी बसून राहिली. मी प्यायला पाणी आणलं, त्या पाण्याने तिने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं. तिनेच मला नंतर सांगितलं.

"गाडी आपटली होती?"

"जोड मजबूत आहे, पोरी. मी मारलाय."

"ते दिसलं. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"तुमचा हात आहे म्हणून घेतली असती."

तो डबा बंद करून उठला.

संध्याकाळी त्याने नेहमीसारखा आपण जोडलेला पाइप पुढच्या कामासाठी तिच्याकडे सरकवला. तिने तो दिव्याखाली नेला. खिशातून आरसा काढून जोडामागे धरला, सगळ्यांदेखत.

जोड चोख होता. तिने आरसा फिरवून पुन्हा पाहिला.